ऐंशी हजार वर्षांचा आकडा येतो कुठून? धूमकेतूची कक्षा ठरवण्याचे गणित

भिलाई (छत्तीसगड) : ऑक्टोबर २०२४ च्या मध्यावर त्सुचिनशान-ॲटलस हा धूमकेतू सूर्यास्तानंतर पश्चिम क्षितिजावर दिसू लागला, तेव्हा तो पाहण्यासाठी भिलाईकरांना शहराबाहेर पडावे लागले. पोलाद कारखान्याचा उजेड आणि भट्ट्यांची तांबूस आभा इथल्या आकाशात रात्रभर रेंगाळते. दुर्गच्या पलीकडे शेतांच्या बांधावर उभे राहिल्यावर शेपटीची फिकट रेघ दिसे. घरातील वृद्ध मंडळी तिला अजूनही शेंडेनक्षत्र म्हणतात. त्या दिवसांत देशभरातील बातम्यांमध्ये एक वाक्य हमखास असे : हा धूमकेतू ८० हजार वर्षांनंतर आला आहे. प्रस्तुत प्रतिनिधीनेही आपल्या बातमीत तो आकडा बिनदिक्कत दिला होता. एका शाळकरी वाचकाने त्यावर विचारले, मागच्या वेळी तो कोणी मोजला होता?

अर्थात कोणीही नाही. प्रश्न मात्र चोख होता, आणि त्याचे उत्तर शोधताना लक्षात आले की बातमीत छातीठोकपणे छापलेला तो आकडा त्या सबंध गणितातील सर्वांत डळमळीत भाग होता.

धूमकेतू गणिताच्या पकडीत येत नाहीत, ही समजूत फार जुनी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त केतूंचा उदय आणि अस्त गणिताने जाणता येत नाही असे स्पष्ट नोंदवले. त्या काळच्या साधनांचा विचार करता ते प्रामाणिक विधान होते. चित्र बदलले ते न्यूटनमुळे. १६८० च्या धूमकेतूची कक्षा त्याने तीन निरीक्षणांवरून भूमितीच्या साहाय्याने काढून दाखवली. हीच पद्धत वापरून एडमंड हॅलेने १७०५ मध्ये २४ धूमकेतूंच्या कक्षांचे कोष्टक प्रसिद्ध केले. १५३१, १६०७ आणि १६८२ च्या ओळी जवळजवळ सारख्या निघाल्या, म्हणून त्याने तो एकच धूमकेतू ठरवला आणि तो १७५८ मध्ये परतेल असे भाकीत केले. ते खरे ठरले. मात्र हॅलेच्या धूमकेतूला एक सवलत होती. तो दर पाऊण शतकाने येतो, त्यामुळे त्याच्या जुन्या नोंदी ताळा पाहण्यासाठी हाताशी असतात. दीर्घ आवर्तकालाच्या धूमकेतूंबाबत ही सोय नसते. मानवाच्या लिखित इतिहासात ते बहुधा एकदाच येतात, आणि जे काही मोजायचे ते त्या एकाच भेटीत मोजावे लागते.

मोजायचे म्हणजे काय? दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्यातून धूमकेतूचे अंतर दिसत नाही. दिसते ती फक्त दिशा. आकाशाच्या गोलावर रेखांश-अक्षांशांसारखे जे दोन कोन असतात त्यांना विषुवांश आणि क्रांती म्हणतात. छायाचित्रातील आसपासच्या ताऱ्यांची स्थाने आधीच अचूक ठाऊक असल्यामुळे त्यांच्या संदर्भाने धूमकेतूचे हे दोन कोन काढता येतात. एका निरीक्षणातून इतकेच हाती लागते : दोन कोन आणि एक वेळ. वेळ अचूक हवी. दिवसाला ३ अंश सरकणारा धूमकेतू एका मिनिटात साडेसात विकला पुढे जातो, आणि आजचे निरीक्षक एका विकलेहून लहान चुकीसाठीही झगडतात. (एका अंशात ३,६०० विकला असतात. पूर्ण चंद्राचा व्यास सुमारे १,८०० विकलांचा असतो.) निरीक्षक पृथ्वीवर नेमका कुठे उभा आहे, हेही लागते. धूमकेतू जवळ असेल तर भिलाईहून आणि लडाखमधील हानले येथून तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित वेगळ्या जागी दिसतो. प्रकाशाच्या प्रवासाचाही हिशेब ठेवावा लागतो. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील सुमारे १५ कोटी किलोमीटरच्या अंतराला खगोलीय एकक म्हणतात. सात एककांवरील धूमकेतूचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचायला ५८ मिनिटे लागतात, म्हणजे आपण पाहतो ती जागा तासाभरापूर्वीची असते.

दुसरीकडे, कक्षा पूर्णपणे सांगायची तर सहा संख्या लागतात. कक्षेचे प्रतल पृथ्वीच्या कक्षेशी किती कलले आहे, ते तिला कोणत्या दिशेला छेदते, त्या प्रतलात कक्षा कशी फिरवून ठेवलेली आहे, सूर्याच्या सर्वांत जवळचा म्हणजे उपसूर्य बिंदू किती अंतरावर आहे, तिथे धूमकेतू कधी पोहोचतो, आणि कक्षेचा आकार कसा आहे. हा शेवटचा आकडा म्हणजे उत्केंद्रता. वर्तुळासाठी ती शून्य असते. लंबवर्तुळासाठी ती शून्य आणि एक यांच्या दरम्यान असते. नेमकी एक असेल तर कक्षा अन्वस्त, आणि एकाहून अधिक असेल तर अपास्त. लंबवर्तुळावरचा धूमकेतू परततो, बाकीच्या दोन कक्षांवरचा परतत नाही.

सहा अज्ञात संख्या आणि प्रत्येक निरीक्षणातून मिळणारे दोन कोन, म्हणून किमान तीन निरीक्षणे हवीत. हा हिशेब सरळ वाटतो, पण समीकरणे सरळ सुटत नाहीत, कारण अंतर कुठेच मोजलेले नसते. ब्रेमेनचे वैद्य हाइनरिश ओल्बर्स यांनी १७९७ मध्ये धूमकेतूंसाठी सुटसुटीत रीत दिली. त्यांनी कक्षा अन्वस्त आहे असे गृहीत धरले, म्हणजे उत्केंद्रता थेट एक मानली. एक अज्ञात कमी झाल्याने हाताने करायचे गणित आटोक्यात आले. पुढे १८०१ मध्ये सीरीस हा लघुग्रह ४१ दिवस दिसून सूर्याच्या तेजात हरवला, तेव्हा चोविशीतील कार्ल फ्रीड्रिश गाउस यांनी कोणताही आकार गृहीत न धरता तीन निरीक्षणांतून कक्षा काढली. वर्षअखेरीस सीरीस त्यांनी सांगितलेल्या जागेजवळच सापडला. आजची संगणक-प्रणाली पहिला अंदाज करते तो मूलतः याच दोन मार्गांनी.

मग अडचण कुठे आहे? भिलाईत ती रुळांच्या उदाहरणाने चांगली समजते. भारतीय रेल्वेचे रूळ सहा दशकांहून अधिक काळ इथे तयार होत आहेत. रुळाचे वळण तपासताना रेल्वेचे कर्मचारी रुळाच्या आतील कडेला २० मीटरची दोरी ताणून धरतात आणि दोरीच्या मध्यापासून रूळ किती दूर आहे ते मोजतात. या अंतराला ते वर्साइन म्हणतात. दोरीची दोन टोके आणि मधला बिंदू, म्हणजे इथेही तीनच बिंदू. वर्साइन सुमारे २८.५ मिलिमीटर भरले तर वळणाची त्रिज्या १,७५० मीटर निघते. एक मिलिमीटर भरले तर ५० किलोमीटर. अर्धा मिलिमीटर भरले तर १०० किलोमीटर. शून्य भरले तर रूळ सरळ. आता मोजपट्टीत एक मिलिमीटरची चूक असेल तर? मोठ्या वळणाला धक्का लागत नाही. पण रूळ जवळजवळ सरळ असेल, तर त्याची त्रिज्या ५० किलोमीटर आहे की अनंत, हे त्या २० मीटरच्या दोरीला सांगता येत नाही. दोरी लांब करणे हाच उपाय.

दीर्घ आवर्तकालाच्या धूमकेतूंची कथा हीच आहे. त्सुचिनशान-ॲटलस सूर्यापासून सुमारे ७.३ एककांवर असताना त्याचा शोध पक्का झाला. त्याचा आवर्तकाल खरोखर ८० हजार वर्षे असता तर कक्षेचे दूरचे टोक सुमारे ३,७०० एककांवर असते. म्हणजे आपण ज्या भागात त्याला पाहू शकलो, तो भाग कक्षेच्या पल्ल्याचा जेमतेम पाचशेवा हिस्सा झाला. इतक्या तुकड्यात लांबुळके लंबवर्तुळ आणि अन्वस्त अक्षरशः एकमेकांवर बसतात. गणित करून पाहावे. या धूमकेतूचे उपसूर्य अंतर सुमारे ०.३९ एकक होते. आवर्तकाल ८० हजार वर्षे धरला तर उत्केंद्रता ०.९९९७९ येते. आवर्तकाल २८ लाख वर्षे धरला तर ती ०.९९९९८ येते. फरक चौथ्या दशांश स्थळावर आहे, पण आवर्तकाल पस्तीस पट झाला. बाकीच्या पाच संख्या तुलनेने लवकर स्थिरावतात. धूमकेतू कधी, कुठे, किती तेजस्वी दिसेल यासाठी बव्हंशी त्याच पुरतात. वाचकाला ज्याचे सर्वाधिक कुतूहल असते तो आवर्तकालच शेवटपर्यंत हेलकावत राहतो.

त्सुचिनशान-ॲटलसच्या बाबतीत ८० हजारांचा आकडा सुरुवातीच्या कक्षागणनेतून आला आणि चिकटून राहिला. निरीक्षणे वाढली तसा तो मागे पडला. धूमकेतू ग्रहांच्या प्रदेशात असताना काढलेली उत्केंद्रता एकाच्या किंचित वर गेली, आणि तो ऊर्ट मेघातून, म्हणजे लाखो वर्षांच्या प्रवासाहून आला असावा असे दिसू लागले. बातमी मात्र दुरुस्त झाली नाही. आमचीही नाही.

या धूमकेतूच्या शोधातच दोरीच्या लांबीचा धडा आहे. चीनमधील पर्पल माउंटन वेधशाळेने तो ९ जानेवारी २०२३ रोजी टिपला. पाठपुराव्याची निरीक्षणे मिळाली नाहीत आणि तो हरवला म्हणून नोंद यादीतून निघाली. २२ फेब्रुवारीला दक्षिण आफ्रिकेतील ॲटलस दुर्बिणीने एक नवी वस्तू पकडली. कक्षा काढून मागे नेली तेव्हा ती जानेवारीतील नोंदीशी जुळली, आणि डिसेंबर २०२२ मधील कॅलिफोर्नियातील छायाचित्रांतही तो धूमकेतू आढळला. जुन्या छायाचित्रांत असा शोध घेण्याने दोरी एका दिवसात कित्येक आठवड्यांनी लांब होते. १९९७ च्या वसंतात महाराष्ट्रातील गच्च्यांवरून घरोघरी पाहिलेला हेल-बॉप धूमकेतू २३ जुलै १९९५ रोजी सापडला. पुढे १९९३ च्या एका छायाचित्रपट्टिकेवर तो मिळाला आणि त्याची कक्षा एकदम पक्की झाली.

हेल-बॉपने आणखी एक गोष्ट शिकवली. ‘आवर्तकाल’ हा शब्दच फसवा आहे. एप्रिल १९९६ मध्ये तो गुरूपासून ०.७७ एककांवरून गेला. गुरूच्या ओढीने त्याची कक्षा आखडली. येताना सुमारे ४,२०० वर्षांची असलेली फेरी जाताना सुमारे अडीच हजार वर्षांची झाली. कोणता आकडा बातमीत द्यावा? दोन्ही खरे आहेत, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांचे उत्तर म्हणून. त्यात सूर्य स्वतः स्थिर नसतो. गुरू-शनीच्या ओढीने तो सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याभोवती डोलत असतो, आणि त्याच्या सापेक्ष क्षणिक कक्षा काढली तर उत्केंद्रता नुसत्या त्या डोलण्यानेही एकाच्या वर-खाली होते. म्हणून खगोलशास्त्रज्ञ धूमकेतूला गणिताने ग्रहांच्या पलीकडे मागे नेतात आणि तिथली ‘मूळ कक्षा’ काढतात. १९५० मध्ये यान ऊर्ट यांनी अशा १९ धूमकेतूंच्या मूळ कक्षा मांडल्या. त्यातील बऱ्याच कक्षांची दूरची टोके हजारो एककांच्या पलीकडे गर्दी करून होती. सूर्यमालेला वेढणाऱ्या ऊर्ट मेघाची कल्पना या मोजक्या आकड्यांवर उभी राहिली.

भारतीयाचे नाव लाभलेला प्रसिद्ध धूमकेतूही याच जातीचा आहे. हैदराबादच्या निजामिया वेधशाळेच्या वातावरणात वाढलेले वेणू बापू २१ वर्षांचे असताना हार्वर्डला शिकत होते. २ जुलै १९४९ रोजी एका छायाचित्रपट्टिकेवर त्यांना अनोळखी धूसर ठिपका दिसला. तेथील प्राध्यापक बार्ट बॉक आणि सहाध्यायी गॉर्डन न्यूकर्क यांच्या साहाय्याने तो धूमकेतू असल्याचे ठरले आणि बापू-बॉक-न्यूकर्क हे नाव पडले. त्याची कक्षा काढली तेव्हा आवर्तकाल सुमारे ६० हजार वर्षे निघाला. या शोधाबद्दल बापूंना अमेरिकेतील ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ द पॅसिफिकचे डोनोहो पदक मिळाले. त्याचे अधिकृत चिन्ह आहे सी/१९४९ एन१. ‘सी’ म्हणजे दीर्घ आवर्तकालाचा, ‘एन’ म्हणजे जुलैचा पहिला पंधरवडा, आणि ‘१’ म्हणजे त्या पंधरवड्यातील पहिला. हे ६० हजार वर्षेही ‘सुमारे’ या शब्दासकटच वाचायला हवीत, हे आता वेगळे सांगायला नको.

धूमकेतूंबाबत एक खास पेच आहे, जो लघुग्रहांबाबत नसतो. आपल्याला दिसतो तो त्याच्या भोवतीचा वायू-धुळीचा गोळा. वजन असलेले केंद्रक त्यात दडलेले असते, आणि गोळ्याचा सर्वांत तेजस्वी बिंदू नेमका केंद्रकावर असेलच असे नाही. बहुधा तो शेपटीच्या बाजूला थोडा झुकतो. शिवाय सूर्याच्या उष्णतेने बर्फाची वाफ होऊन झोत सुटतात आणि ते केंद्रकाला अग्निबाणासारखा हलका रेटा देतात. गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणात हा रेटा येत नाही. तो वेगळ्या अज्ञात संख्या म्हणून जोडावा लागतो आणि शेकडो निरीक्षणांवरून, चुकांच्या वर्गांची बेरीज किमान होईल अशा रीतीने, सगळे एकत्र सोडवावे लागते.

ही काटेकोर मोजणी केवळ कुतूहलापुरती नसते, हे भारताने २०१४ मध्ये अनुभवले. ऑस्ट्रेलियातून ३ जानेवारी २०१३ रोजी सापडलेल्या सायडिंग स्प्रिंग धूमकेतूची पहिली कक्षा १९ ऑक्टोबर २०१४ रोजी मंगळाच्या इतक्या जवळून जात होती की थेट आदळण्याची शक्यता नाकारता येईना. त्या वेळी मंगळयान श्रीहरिकोट्याहून निघालेलेही नव्हते. निरीक्षणे वाढत गेली. एप्रिल २०१३ मध्ये टकरीची शक्यता आठ हजारांत एकवरून सव्वा लाखांत एकच्या आसपास आली, पुढे ती पूर्ण मावळली. पण आदळणार नाही म्हणजे धोका नाही असे नव्हे. सेकंदाला सुमारे ५६ किलोमीटर वेगाने येणारा धुळीचा कणही यान निकामी करू शकतो. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाभोवती पोहोचलेल्या मंगळयानाची कक्षा इस्रोने ऑक्टोबरमध्ये अशी बदलली की धूमकेतूची धूळ येईल त्या वेळी ते मंगळाच्या आड असेल. कोणत्या वेळी आड जायचे, हे ठरवणारा आकडा कक्षेच्या गणितातूनच आला होता. धूमकेतू मंगळापासून सुमारे १ लाख ४० हजार किलोमीटरवरून गेला, पृथ्वी-चंद्र अंतराच्या निम्म्याहूनही कमी. यान सुरक्षित राहिले.

कधी कधी गणित विलक्षण सोपेही होते. १ जुलै २०२५ रोजी चिलीतील ॲटलस दुर्बिणीला सापडलेल्या ३आय/ॲटलसची उत्केंद्रता सहाच्या वर निघाली. चौथ्या दशांश स्थळाचा प्रश्नच नव्हता. तो दुसऱ्या ताऱ्याच्या प्रदेशातून आला आहे हे दुसऱ्याच दिवशी जाहीर करता आले.

ही सारी निरीक्षणे अमेरिकेतील केंब्रिज येथील मायनर प्लॅनेट सेंटरकडे जमा होतात आणि त्यांत हौशी निरीक्षकांचा वाटा मोठा असतो. आठ-दहा इंची दुर्बीण, संवेदनशील कॅमेरा, उपग्रहाशी जुळवलेले घड्याळ आणि गाया यानाने मोजलेल्या ताऱ्यांची यादी एवढ्यावर उपयोगी नोंद करता येते. भिलाईच्या उजेडात हे कठीण आहे. पण चाळीस-पन्नास किलोमीटर बाहेर पडले तर अशक्य नाही. व्यावसायिक पातळीवर हानले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि मुंबईची आयआयटी मिळून ०.७ मीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण चालवतात. अचानक आढळलेल्या वस्तूंचा पाठपुरावा हेच तिचे काम. जानेवारी २०२३ मध्ये त्सुचिनशान ज्याअभावी हरवला, ते हेच.

या संस्थेची वंशावळ कोडाईकनालमार्गे जुन्या मद्रास वेधशाळेपर्यंत जाते, आणि पाठपुरावा न झालेल्या धूमकेतूचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण त्या वेधशाळेचेच आहे. २७ नोव्हेंबर १८७२ च्या रात्री युरोपच्या आकाशात उल्कांचा पाऊस पडला. बीला या तुटलेल्या धूमकेतूचा तो चुरा होता. बीला स्वतः पृथ्वीला चाटून गेला असावा, तो आता दक्षिणेकडे नरतुरंग तारकासमूहात दिसेल, अशी अटकळ बांधून जर्मनीतील क्लिंकरफ्यूस यांनी मद्रासचे नॉर्मन पॉगसन यांना तार केली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सांगितलेल्या जागेच्या आसपास पॉगसन यांना लागोपाठ दोन पहाटे खरोखरच एक धूमकेतू दिसला. त्यांनी दोन्ही स्थाने मोजली. मग आकाश ढगाळले आणि तो पुन्हा कोणालाच दिसला नाही.

दोन निरीक्षणे म्हणजे चार कोन. ओल्बर्सच्या सवलतीने कक्षा अन्वस्त मानली तरी पाच संख्या लागतात. पुढील गणितांनी तो बीला नव्हता एवढे दाखवले. तो कोणता होता, कुठून आला आणि कुठे गेला, हे ठरवायला एक पहाट कमी पडली. धूमकेतूंच्या सूचीत त्याच्या नावाआधी ‘सी’ नाही, ‘एक्स’ हे अक्षर आहे. कक्षा काढता न आलेल्यांसाठी ते राखून ठेवलेले असते.